मुळांना हवी हवा
बाल्कनीतली बाग : लेखांक 9

मागच्या लेखांकात आपण नेचे लावले आणि कुंडीतली ओल कशी टिकवायची ते पाहिलं. आजचं रोप नेमकं उलट्या स्वभावाचं आहे. कुंडी सतत ओली राहिली की ते जातं. घरी आणलेली बहुतेक ऑर्किडं पाण्यावाचून मरत नाहीत, मायेनं घातलेल्या जास्तीच्या पाण्यानं मरतात.

माझंही पहिलं ऑर्किड, एक डेंड्रोबियम, असंच गेलं. भाईंदरमधल्या गोडदेवच्या घराला चौथ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे, तिथल्या ग्रिलमध्ये ते ठेवलं होतं. कुंडीत माती आणि शेणखत, खाली बशी, रोज सकाळी तांब्याभर पाणी. गुलाबाला मानवलं ते यालाही मानवेल, असं वाटलं होतं. तीन महिन्यांत पानं पिवळी पडून गळली. रोप उपसलं तर मुळांची साल भिजलेल्या कागदासारखी बोटांत सुटून आली आणि आत नुसता दोरा उरला. त्या दिवशी ऑर्किडचं मूळ मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आजचा सगळा लेख त्या मुळाबद्दलच आहे.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आंब्यासारख्या झाडांच्या फांद्यांवर ती वाढते. भारतात आमरीच्या सुमारे 1,250 जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक झाडांवर राहतात. म्हणून गावाकडे तिला सरसकट बांडगूळ म्हटलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस ओढतं. आमरी फांदीचा फक्त आधार घेते. पाणी पावसाचं आणि दवाचं, अन्न सालीच्या खाचांत साचलेल्या पालापाचोळ्याचं. गैरसमज इतका जुना की वनस्पतिशास्त्रातलं आमरीच्या एका गटाचं ‘वांडा’ हे नावही दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठीच्या ‘वन्दा’ या संस्कृत शब्दावरून आलं आहे.

फांदीवर माती नसते. सर आली की मुळं भिजतात आणि वारा सुटला की तासाभरात सुकतात. या जगण्यासाठी मुळाभोवती मृत पेशींचं, स्पंजासारखं जाड आवरण असतं. ते कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चांदीसारखं पांढुरकं दिसतं. पाणी पडलं की ते घटाघट शोषतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. घरी रोप असेल तर आजच पाहा : पांढऱ्या मुळावर चमचाभर पाणी सोडा, डोळ्यांदेखत ते हिरवं होईल. पाणी कधी घालायचं ते हेच मूळ सांगतं. हिरवं दिसतंय तोवर थांबायचं, पांढरं झालं की घालायचं. कुंडीत न दिसणाऱ्या मुळांसाठी भरणीत, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणात, बोट खुपसून पाहा. ओलसर लागलं तर तो दिवस सोडून द्या.

मुळांना सुकायला हवा लागते, म्हणून मातीची कुंडी चालते, कुंडीत माती चालत नाही. बाजूंनाही भोकं असलेली लहान कुंडी घ्या, मुळं जेमतेम मावतील एवढीच. तळाला विटेचे तुकडे, वर लाकडी कोळशाचे सुपारीएवढे खडे आणि नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे भरा. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत घाला. कोळसा आणि वीट लवकर सुकतात, सोडण ओल धरतं. आपल्या दमट हवेत सोडण कमी आणि कोळसा जास्त ठेवावा. रोप हलत असेल तर नवी मुळं धरत नाहीत, तेव्हा काडी रोवून सुतळीनं सैल बांधा. बशी मात्र काढून टाका.

जागा निवडताना पूर्वेची बाल्कनी मिळाली तर उत्तम. पश्चिमेच्या उन्हाला पन्नास टक्के सावलीची जाळी लावा. पानं गर्द हिरवी असतील तर उजेड कमी आहे आणि फूल येणार नाही. पोपटी रंग योग्य. दुपारी पान हाताला तापलेलं लागलं तर रोप आत सरकवा. वारा उजेडाइतकाच महत्त्वाचा आहे. वसईच्या खाडीकडून येणारा वारा अडेल अशा कोपऱ्यात, कपाटामागे किंवा बंद काचेआड आमरी कोंडू नका.

पाण्याबद्दल आपल्या भागात थोडं अधिक सांगायला हवं. गोडदेवच्या शेजारच्या गावाचं नावच खारी आहे आणि भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं आहेत. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी आलं तर त्यात क्षार जास्त असू शकतात आणि आमरीच्या मुळांची टोकं क्षारांनी करपतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर समजा, पाणी जड आहे किंवा खत जास्त झालं आहे. अशा वेळी नळाच्या पाण्यानं कुंडी दोन-तीनदा धुवून निघू द्या. पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. जूनपासून एक बादली ग्रिलबाहेर ठेवा. मात्र डास होऊ नयेत म्हणून ती कापडानं झाका. खत म्हणाल तर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि तेही आधी साधं पाणी घालून मगच. शेणखत नको.

आता पावसाआधीचं काम. मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे 11 जूनच्या सुमारास पोचतो. भरणी कुजून भुसा झाली असेल तर ती त्याआधीच बदला, कारण उष्ण, दमट हवेत नवी मुळं झपाट्यानं फुटतात. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. डेंड्रोबियमची पानं गळालेली जुनी कांडी मात्र छाटू नका. ती रोपाची साठवणीची कोठी आहे. तिच्यावर पुन्हा फुलं येतात, कधी डोळ्यापाशी मुळांसकट पिल्लूही फुटतं. मुळं दोन इंच झाली की ते वेगळं लावा.

सतत झड लागली की कुंड्या पागोळीच्या धारेखालून हलवा. फॅलेनॉप्सिस हे पतंगाच्या आकाराच्या फुलांचं रोप. त्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की कोंब कुजतो. ते थोडं कलतं ठेवा, साचलेलं पाणी कापसानं टिपा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा आला की त्याला खिडकीजवळ आणा. काही आठवडे गार रात्री मिळाल्या तर फुलांचा दांडा निघतो. सततच्या उकाड्यात नुसती पानंच वाढतात. नव्या माणसानं त्यामुळे डेंड्रोबियमपासूनच सुरुवात करावी. दादरच्या फूलबाजारात जांभळ्या-पांढऱ्या काड्यांच्या जुड्या दिसतात, तेच हे. आपली हवा त्याला मानवते.

एक कळकळीची विनंती. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत सीतेची वेणी ही आमरी फुलते. पांढऱ्यावर गुलाबी ठिपक्यांचा तिचा लोंबता तुरा पाहिला की हात पुढे जातो. आसाममध्ये हिलाच कपौ फूल म्हणतात. बिहूला तिथल्या मुली ते केसांत माळतात आणि ते त्या राज्याचं फूल आहे. काशिमिऱ्यामागच्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा कुठल्याही डोंगरावरून रोप ओरबाडून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून झाड आणणं गुन्हा आहेच, शिवाय ते बाल्कनीत फारसं जगतही नाही. आमरीच्या बोंडात धुळीसारख्या असंख्य बिया असतात, पण बीजाला स्वतःची शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. फुलण्याजोगं एक रोप तयार व्हायला कित्येक वर्षं जातात. 1922मध्ये लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं बुरशीवाचून, साखर घातलेल्या पोषक माध्यमावर या बिया रुजवून दाखवल्या. रोपवाटिकेत आज परवडेल अशा किमतीला रोप मिळतं ते त्या वाटेनं. तिथूनच घ्या, रानातलं फूल रानात जाऊन पाहा.

माझं आत्ताचं डेंड्रोबियम त्याच ग्रिलला टांगलेलं आहे. त्याची चार मुळं कुंडी सोडून बाहेर आली आहेत, एक तर गजाला चिकटून वीतभर वर गेलं आहे. पूर्वी मी अशी मुळं कुंडीत कोंबायचो. आता त्यांना हात लावत नाही. सकाळी चहा घेताना आधी त्यांच्याकडे पाहतो. पांढरी दिसली तरच तांब्या उचलतो.

पुढच्या लेखांकात : वांडा. कुंडीवाचून, भरणीवाचून, नुसत्या तारेला टांगून वाढणारी आमरी. तोवर या आठवड्यात बशा काढा आणि कोळसा फोडून ठेवा.