प्रदूषित वायू, घरातील वनस्पती आणि वैद्याचा सल्ला

करमाळा तालुक्यातील केम हे आमचे कार्यक्षेत्र. जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान असलेले हे गाव सर्वत्र परिचित आहे ते कुंकवामुळे. हळदीची पूड क्षाराच्या संयोगाने लाल होते, या गुणावर कुंकवाची परंपरा उभी आहे. भुकटीचा व्यवसाय असलेल्या गावात झाडाच्या पानाचे कार्य निराळे शिकवावे लागत नाही. कोरड्या दिवसांत कुंपणाच्या अडुळशावर लालसर थर बसतो आणि पहिल्या सरीबरोबर तो धुऊन मातीत जातो. पान हवेतील रज धरून ठेवते, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याचबरोबर, असा थर बसलेले पान घरातील वृद्ध स्त्रिया काढ्यासाठी खुडत नाहीत, हेही त्याला ठाऊक असते.

ही दुसरी गोष्ट शहरात गेलेल्या कुटुंबांना सांगण्यास आपण वैद्य विसरलो आहोत. त्याविषयी हा लेखनप्रपंच.

आमची चूक

केम परिसरातील अनेक कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाली आहेत. दिवाळीत ती गावी येतात, तेव्हा खोकला, प्रतिश्याय व श्वास यांच्या तक्रारी घेऊन चिकित्सालयातही येतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक माता आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आली. बालकास तमकश्वासाचा त्रास होता आणि पुण्यातील तज्ज्ञांनी इनहेलर दिलेला होता. आम्ही आहारविहार सांगितला, औषध दिले आणि उठता उठता म्हणालो, ‘‘गॅलरीत तुळस, अडुळसा लावा, हवा शुद्ध राहील.’’

त्या माउलीने आमचा शब्द प्रमाण मानला. रहदारीच्या रस्त्याकडील गॅलरीत तिने दहा कुंड्या मांडल्या. रोज सकाळी तेथील तुळशीची पाने ती मुलास न धुता देऊ लागली. घरातील हवा आता शुद्ध झाली, या समजुतीने इनहेलर कपाटात गेला. एका रात्री वेग इतका वाढला की बालकास रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. पुढच्या खेपेस तिने हे सारे सांगितले, तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्हीच निरुत्तर झालो. सल्ला आमचा होता आणि तो अर्धवट होता.

कुंड्यांनी खोलीतील हवा शुद्ध होते काय?

या समजुतीचा उगम बहुधा अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या १९८९ च्या अभ्यासात सापडतो. त्यात लहान बंदिस्त पेट्यांमध्ये वनस्पती ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारख्या वायूंचे प्रमाण घटते का, हे पाहिले गेले. धूळ हा त्याचा विषयच नव्हता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज व वेअरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा फेरआढावा घेतला. इमारतीत हवा खेळती राहिल्याने हे वायू जितके कमी होतात, तितके वनस्पतींकडून कमी व्हावयाचे तर प्रत्येक चौरस मीटर जागेस किमान १० ते कमाल १००० झाडे लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. दहा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीत किमान हिशेबानेही नव्वदच्या वर कुंड्या ठेवाव्या लागतील. मग माणसाने बसावे कोठे?

प्राणवायूचेही तसेच. विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्यास मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३६० लिटर प्राणवायू लागतो. चार कुंड्या ही गरज भागवू शकत नाहीत. तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते, हे विधानही आपण थांबवावे. अंधारात तीही इतर वनस्पतींप्रमाणे प्राणवायू घेतेच. मात्र ते प्रमाण अत्यल्प असते, म्हणून रात्री खोलीत झाड असल्यास अपाय होतो, ही भीतीही निराधार आहे.

मग झाडे लावण्यास सांगू नये काय? अवश्य सांगावे, पण योग्य कारणासाठी. घराबाहेर, रस्ता आणि खिडकी यांच्यामध्ये दाट पानांचा पडदा असेल तर काही धूळ त्यावर अडते. सावलीने भिंती तापत नाहीत. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात जागा असेल तर कडुनिंब, करंज, बहावा यांसारखे वृक्ष लावण्याचा आग्रह धरावा. कुंडीपेक्षा वृक्षाचा पर्णसंभार कितीतरी अधिक.

चरकाचार्यांचा इशारा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. कांपिल्य नगरीत, गंगातीरी भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीने जनपद कसे उद्ध्वस्त होते ते सांगतात. विकृत वायूच्या लक्षणांत वाळू, धूळ व धूर यांनी दूषित झालेल्या वायूचा उल्लेख आहे. हा भाग व्याख्यानांतून नेहमी येतो. त्याच अध्यायातील दुसरा उपदेश मात्र आपण क्वचितच सांगतो. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करा, कारण देश बिघडला की औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभावही बिघडतात, असे आत्रेय बजावतात. सुश्रुतसंहितेतही औषधी कोणत्या भूमीतील घ्यावी, याचे विवेचन भूमिप्रविभागीय अध्यायात आहे.

याचा आजचा अर्थ उघड आहे. जी हवा रुग्णास बाधते, ती त्याच्या कुंडीतील औषधीसही बाधते. जे पान आमच्यासाठी धूळ झेलते, ते आमचे औषध होऊ शकत नाही. राखणीची झाडे वेगळी आणि औषधाची झाडे वेगळी, हे प्रत्येक शहरी कुटुंबास सांगणे आपले कर्तव्य आहे.

रुग्णास काय सांगावे?

१. निदानपरिवर्जन प्रथम. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवणे, डासांची कॉइल, उदबत्ती व धूप यांचा धूर श्वासाच्या रुग्णापासून दूर ठेवणे, कचरा न जाळणे. गावाकडे उसाचे पाचट पेटवतात, तेव्हा हा रुग्ण तेथे नसावा.

२. रस्त्याकडील बाजूस राखणीची झाडे. त्यांची पाने आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावीत. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात वर्षातील बराच काळ पाऊस पाने धुण्यास येत नाही. न धुतलेल्या पानावरील धूळ वाऱ्याने पुन्हा उडते.

३. औषधाची झाडे, म्हणजे तुळस, अडुळसा, गुळवेल, ओवा, आले, आतील वा मागील बाजूस, स्वच्छ मातीत. वापरापूर्वी पान वाहत्या पाण्यात धुणे अनिवार्य. अशी बाजू नसेल तर झाड शोभेसाठी ठेवावे, औषध विश्वासू औषधालयातून घ्यावे.

४. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डेंग्यूचे डास वाढतात. सतत ओल्या मातीतील बुरशी श्वासाच्या रुग्णास त्रास देते.

५. लहान मुले असलेल्या घरी डिफेनबेकिया व कण्हेर टाळावेत. पहिल्याचे पान चावल्यास तोंड व घसा सुजतो, तर कण्हेरीचा परिणाम थेट हृदयावर होतो.

६. चालू असलेले औषध वा इनहेलर झाडांच्या भरवशावर बंद करू नये. हे वाक्य औषधपत्रावर लिहूनच द्यावे. आम्ही आता तसे देतो.

औषधालयांचे कार्य

आमच्या औषधालय-चालक बांधवांची भूमिका येथे महत्त्वाची आहे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयुष आपके द्वार’ या उपक्रमातून घरोघरी औषधी रोपे देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. वापरलेली वनस्पती खरोखर गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खात्री केली गेली नव्हती, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. वाद काहीही असो, धडा स्पष्ट आहे. घराघरांत वनस्पती जायची असेल तर तिची ओळख पटवून देणारा जाणकार हवा, आणि गुळवेल सुरू केल्यावर काविळीची लक्षणे दिसली तर ती तत्काळ थांबवून रुग्णाची तपासणी करणारा वैद्यही हवा.

औषधालयाच्या दारी खात्रीची रोपे ठेवावीत. प्रत्येकावर मराठी, संस्कृत व शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग आणि राखणीचे की औषधाचे, एवढे लिहिलेली चिठ्ठी असावी. ‘हवा शुद्ध करणारे रोप’ असा फलक लावू नये. विक्री थोडी कमी होईल, विश्वास टिकेल.

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम जाहीर केला. त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपले सोलापूरही आहे. वायूचे मूळ दूषण वाहने, धूळ, जाळणे व कारखाने यांच्या नियंत्रणानेच घटेल. कुंडी त्याचा पर्याय नव्हे. पण रोज सकाळी पाने धुणाऱ्या हाताला आपल्या दारात किती धूळ येते हे कळते, आणि ज्याला ते कळते तो खालच्या चौकात कचरा पेटवू देत नाही. घरातील झाडाचा हा उपयोग आम्हास मोठा वाटतो.

ते बालक आता मोठे झाले आहे. मागील दिवाळीत आईसह आले, तेव्हा आमच्या कुंपणाच्या अडुळशाकडे बोट दाखवून विचारते झाले, ‘‘डॉक्टर, हा राखणीचा की औषधाचा?’’ आम्ही म्हणालो, ‘‘रस्त्याकडचा आहे, राखणीचा.’’ हा प्रश्न आपल्या प्रत्येक रुग्णाच्या तोंडी यावा, यासाठी सर्व वैद्यबंधुभगिनींनी प्रयत्न करावा, ही नम्र विनंती.