परळहून सुरतेला: रक्तपेशीवरच्या साखरेचा मागोवा

२०२२ च्या जुलैत सुरतेच्या लोकसमर्पण रक्तदान केंद्रातल्या डॉ. सन्मुख जोशी यांचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. राजकोटचे ६५ वर्षांचे एक हृदयरुग्ण, अहमदाबादेत उपचार चाललेले, आणि कुठलंच रक्त त्यांना जुळेना. नमुना सुरतेला आला, तिथून अमेरिकेला गेला आणि निदान झालं: ईएमएम-निगेटिव्ह. भारतातली पहिली नोंद. बातम्यांनी 'दुर्मिळ रक्तगट' म्हटलं आणि विषय संपवला. मला मात्र ती बातमी सत्तर वर्षांच्या एका कामातलं अलीकडचं पान वाटते. ते काम मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, लंडनच्या एका जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर पुढे नेलं, आणि सुरतेत ते ज्यांनी चालवलं त्यांतल्या दोघांची उमेदीची वर्षं परळच्याच प्रयोगशाळेत गेली होती.

रक्तपेढीतल्या टेक्निशियनचं टेबल डोळ्यांसमोर आणा. रुग्णाच्या लाल पेशींत अँटी-ए टाकलं, गुठळी नाही. अँटी-बी टाकलं, गुठळी नाही. म्हणजे गट 'ओ'. आता उलट तपासणी. रुग्णाचं सीरम तीन नळ्यांत घ्यायचं आणि त्यांत अनुक्रमे ए, बी आणि ओ गटाच्या पेशी घालायच्या. पहिल्या दोन नळ्यांत गुठळी व्हायला हवी, तिसरीत काही होता कामा नये. पण तिसऱ्या नळीतही पेशींचा घट्ट गोळा झाला आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी मात्र त्याच सीरममध्ये मोकळ्या राहिल्या, तर हा माणूस ओ गटाचा नसावा. त्याला ओ गटाची पिशवी लावली तर जिवावर बेतेल.

केईएममधल्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत अशी तीन माणसं सापडली. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रक्तगटतज्ज्ञ रेस आणि सँगर यांच्याकडे गेले आणि मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन पानांचा लेख आला. लेखकांत भेंडे पहिले होते. शेवटची दोन नावं वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांची होती. पुढे जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला गेला तो हाच.

वॉटकिन्सबाई तेव्हा २८ वर्षांच्याही नव्हत्या. रक्तगट म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमकं काय, हा त्यांचा प्रश्न. अडचण अशी की लाल पेशीवर हा पदार्थ फार थोडा असतो. पृथक्करणाला पुरेसा मिळणं अशक्यच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेनं वाट काढली ती शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या गाठींतून. त्या गाठींतल्या द्रवात हाच पदार्थ ग्रॅमांनी मिळे: प्रथिनाचा कणा आणि त्याला लटकलेल्या असंख्य शर्करासाखळ्या. त्या काळी साखळीतली साखर कोणती आणि कशी जोडलेली, हे थेट वाचणारं यंत्र नव्हतं. म्हणून त्यांनी आडवळणाचा पण अचूक प्रयोग केला. वाम जातीच्या माशाचं सीरम ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतं. त्यात वेगवेगळ्या साध्या साखरा टाकून पाहिल्या. फ्यूकोज टाकल्यावर गुठळ्या थांबल्या. म्हणजे सीरम पेशीवर जे पकडत होतं, त्यात फ्यूकोज मोक्याच्या जागी बसलेलं होतं. हा निष्कर्षही १९५२ चाच.

इथं पुण्याचा उल्लेख राहून गेला तर अन्याय होईल. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातले जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की कुळथाच्या दाण्यांचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. कोकणात ज्याची पिठी होते तोच कुळीथ. त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसॅमिन ही साखर ओळखतं, आणि ए गटाची खूण हीच साखर. ए१ आणि ए२ हे उपगट वेगळे काढायला रक्तपेढ्या आजही कुळथाचंच लेक्टिन वापरतात. शर्करासाखळ्यांच्या विज्ञानात महाराष्ट्रानं मोलाची भर घातली आहे, आणि आपल्याकडे तिची आठवण फार कमी निघते, याची मला खंत वाटते.

पुढच्या वर्षांत चित्र जुळत गेलं. मूळ साखळीच्या टोकाशी गॅलॅक्टोज असतं. त्याला फ्यूकोज जोडलं की 'एच' तयार होतो. एचवर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसॅमिन चढलं की ए, दुसरं गॅलॅक्टोज चढलं की बी. काहीच चढलं नाही तर ओ. एका लाल पेशीवर 'बँड ३' नावाच्या प्रथिनाच्या सुमारे दहा लाख प्रती असतात आणि रक्तगटाच्या साखरेचा मोठा वाटा त्यांच्याच साखळ्यांवर असतो. प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो, साखळीचा तसा नसतो. साखर एकेक करून चढवणारी विकरं (एन्झाइम) जनुकांतून बनतात. १९५९ मध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी हा मार्ग मांडला तेव्हा ती विकरं कुणी पाहिलेली नव्हती. अप्रत्यक्ष पुरावा होता आणि त्यात बॉम्बे गटाच्या माणसांचं वजन सर्वांत मोठं होतं. या माणसांत एचच नसतो, तरी मुलांना ते ए किंवा बी देऊ शकतात. म्हणजे एचचं जनुक वेगळं, ए-बीचं वेगळं, आणि एचचं काम आधी व्हावं लागतं.

सिद्धांताची मला सर्वांत आवडणारी कसोटी १९७२ ची आहे. कॅरोलिन रेस आणि वॉटकिन्स यांनी बॉम्बे गटाच्या दात्यांच्या सीरममध्ये ए आणि बी विकरं शोधली आणि ती सापडली, चालू स्थितीत. गवंडी कामावर हजर होते, वीट चढवायला भिंतच नव्हती. मुंबईच्या रुग्णालयात जे कोडं पडलं, त्याचं जीवरासायनिक उत्तर वीस वर्षांनी असं पुरं झालं. वॉटकिन्स १९६९ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, १९८८ मध्ये त्यांना रॉयल मेडल मिळालं, आणि २००३ मध्ये त्या गेल्या. मॉर्गनही त्याच वर्षी गेले, १०२ व्या वर्षी. जनुकातला नेमका दोष १९९७ मध्ये कळला: भारतीय बॉम्बे गटात एचच्या फ्यूट१ जनुकात एका अक्षराचा बदल असतो आणि शेजारचं फ्यूट२ समूळ गायब असतं.

परळमध्ये काम थांबलं नव्हतंच. १९५७ मध्ये तिथं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर उभं राहिलं. त्याचीच पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था झाली. भाटियांनी १९६२ मध्ये एल. डी. संघवींबरोबर या गटाचा नात्यातल्या लग्नांशी असलेला संबंध तपासला. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथं आहे, तिथं दोन्हीकडून तेच दोषी जनुक येण्याची शक्यता वाढते. १९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांनी मुंबईतलं प्रमाण काढलं: सुमारे ७६०० त एक. युरोपात ते दहा लाखांत एक सांगतात.

याच संस्थेतून डॉ. स्नेहलता गुप्ते सुरतेला, सुरत रक्तदान केंद्र आणि संशोधन केंद्रात गेल्या. सुरतेचा जुना शत्रू मलेरिया. फाल्सिपॅरम परजीवीनं पछाडलेल्या पेशी शेजारच्या निरोगी पेशींना चिकटून झुबके करतात, आणि त्या चिकटण्याला ए व बी साखरांचा आधार मिळतो. ओ पेशींचे झुबके सैल राहतात. रक्तगट आणि मलेरियाची तीव्रता यांचा सुरतेतल्या रुग्णांत काय संबंध दिसतो, यावर गुप्ते आणि सहकाऱ्यांचा लेख २०१२ मध्ये आला. साखळीचं रसायन लंडनमध्ये कळलं, पण ती साखळी आजारपणात काय करते हे पाहायला सुरतेसारखं गावच लागतं.

सन्मुख जोशीही परळच्याच प्रयोगशाळेतले. त्यांनी १९८४ मध्ये भाटियांबरोबर एका मोठ्या भारतीय कुटुंबातल्या आय-ऋण, लघु-आय-ऋण या अवस्थेवर लिहिलं. तोही साखळीचाच प्रश्न. नवजात बाळाच्या पेशींवर ही साखळी सरळ असते आणि पहिल्या दोनेक वर्षांत तिला फाटे फुटतात. सरळ ती लघु-आय, फाटे फुटलेली ती आय. नंतर ते ओमानच्या रक्तसेवेत होते, मग सुरतेला आले.

सुरुवातीच्या बातमीतल्या ईएमएमची साखरही प्रथिनालाच जोडलेली, पण काम निराळं. काही प्रथिनं पेशीच्या पटलात शिरत नाहीत. त्यांच्या शेपटाला ग्लुकोसॅमिन आणि मॅनोज यांची आखूड साखळी असते आणि तिच्या टोकाचा स्निग्ध भाग पटलात रुततो. याला जीपीआय नांगर म्हणतात. पीआयजीजी जनुकाचं विकर त्यातल्या दुसऱ्या मॅनोजवर इथेनॉलअमाइन फॉस्फेट बसवतं. ते बसलं नाही की माणूस ईएमएम-निगेटिव्ह. हे २०२१ मध्ये उलगडलं आणि ईएमएमला ४२ व्या रक्तगट प्रणालीचा दर्जा मिळाला. दुसऱ्याच वर्षी सुरतेतून भारताची नोंद झाली.

उपचाराच्या बाजूनं बॉम्बे आणि ईएमएम-निगेटिव्ह या दोन्ही गटांचं गणित एकच आहे. आईवडिलांकडून दोन्ही सदोष प्रती आल्याशिवाय हे गट होत नाहीत, म्हणून रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच गट असण्याची शक्यता चारांत एक. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं आहेत. तिथल्या कुणाच्या सीरमनं तिसऱ्या नळीत गुठळी दाखवली, तर रक्तपेढीनं आधी भावंडांची चौकशी करायला हवी, मग ती गावाकडे खानदेशात असोत की शेजारच्या गल्लीत. आणि रुग्ण बरा असेल तेव्हा त्याचं स्वतःचं रक्त गोठवून ठेवायला हवं.