गोठणरोधक मिश्रण

पाण्याचा गोठणबिंदू खाली आणण्यासाठी त्यात जो पदार्थ मिसळतात, त्यास गोठणरोधक म्हणतात. मोटारगाडीच्या एंजिनाचे शीतन करणाऱ्या पाण्यात त्याचा मुख्यतः उपयोग होतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे बंदिस्त जलमार्गात बर्फ झाल्यास रेडिएटर किंवा ओतीव लोखंडाचा सिलिंडर-ठोकळा तडकतो.

पूर्वी या कामी मिथेनॉल व ग्लिसरीन वापरीत. मिथेनॉल लवकर उडून जाते, तर ग्लिसरीन फार दाट असते. म्हणून एथिलीन ग्लायकॉल प्रचारात आले. व्ह्यूर्ट्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८५६ मध्ये प्रथम तयार केले.

मिश्रणाचे प्रमाण : शुद्ध ग्लायकॉल सु. −१३° से. ला गोठते. मिश्रणात मात्र दोहोंचे रेणू एकमेकांच्या स्फटिकरचनेत अडथळा आणतात व गोठणबिंदू दोहोंपेक्षाही खाली जातो. ग्लायकॉलाचे घनफळ ४० टक्के असल्यास तो सु. −२४° से. व ५० टक्के असल्यास सु. −३७° से. असतो. यामुळे निव्वळ गोठणरोधक भरणे चुकीचे ठरते. शिवाय त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी असते. सामान्यतः निम्मे-निम्मे मिश्रण योग्य होय.

महाराष्ट्रातील उपयोग : पनवेल तालुक्यातील विचुंब्यासारख्या गावी पाणी गोठण्याची भीती नाही. तेथे मिश्रणाचा लाभ निराळा असतो. निम्म्या प्रमाणाच्या मिश्रणाचा उकळबिंदू सु. १०७° से. असल्याने बोरघाट चढताना ते पाण्याइतके लवकर उकळत नाही, तसेच त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूंचे रक्षण करतात. परंतु गळती भरून काढण्यासाठी वारंवार नुसतेच पाणी घातल्यास मिश्रण पातळ होते. ८ लिटर मिश्रणातील २ लिटर गळून तेवढे पाणी घातले, तर ग्लायकॉल ४ लिटरांऐवजी ३ लिटर उरते व गोठणबिंदू सु. −२१° से. वर येतो. कोकणात ही उणीव जाणवत नाही. पण तीच गाडी हिवाळ्यात लडाखमधील द्रास येथे नेल्यास एका रात्रीत एंजिन निकामी होऊ शकते.

जुन्या वाहनांतील दक्षता : प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप यांसारख्या वाहनात प्रथम एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. जुने पाणी काढून मार्ग धुवावा. धुतल्यानंतरही ठोकळ्यात काही पाणी उरते. म्हणून एकूण धारणशक्तीच्या निम्मे गोठणरोधक आधी मोजून ओतावे व मग ऊर्ध्वपातित पाण्याने भरती करावी. विहिरीचे वा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास आत पुटे धरतात. नंतर एंजिन चालवून मिश्रण एकजीव करावे व त्याची घनता घनतामापकाने तपासावी. तयार मिश्रण म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवात पुन्हा पाणी घालू नये. निरनिराळ्या प्रकारची गोठणरोधके एकत्र करू नयेत. गाळ धरण्याचा संभव असतो.

विषारीपणा : एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी आहे. ते मूत्रपिंडे निकामी करते, प्रौढास सु. १०० मिलि. इतकी मात्राही प्राणघातक ठरू शकते. म्हणून काढलेले मिश्रण उघड्या भांड्यात ठेवू नये, गटारात वा विहिरीजवळ ओतू नये आणि मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे.