हौशी वादकाला हवी हक्काची जागा

आज तेलंगणात असलेला मुधोळ तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला, आणि २०१६ साली निर्मल हा जिल्हा स्वतंत्र झाल्यावर सरकारी दफ्तरात त्याचा जिल्हा पुन्हा एकदा बदलला. महसुली हद्दींची ही अदलाबदल होत असताना या सीमाभागातील मराठी घरांनी आपली जी थोडी चिरस्थायी चीजवस्तू सांभाळली, तीत भजनाच्या बैठकीचा मान फार वरचा आहे. त्या बैठकीत पखवाजावर बसणारा शेतकरी, पेटी धरणारा शिक्षक किंवा टाळ वाजविणारा दुकानदार पोटासाठी वाजवीत नाही. दिवसभराचा उद्योग आटोपून ठरलेली रात्र संगीताला देणारा तो हौशी कलावंत असतो.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत १९६० च्या दशकापासून ज्यांनी रॉक बँडमध्ये गिटार, बेस आणि ड्रम वाजविले, त्यांच्यापैकी बहुतेक तरुणही याच अर्थाने हौशी होते. वाद्ये निराळी, भाषा निराळी, श्रोतेही निराळे. तथापि कष्टाची आणि आनंदाची जात एकच. असे असूनही भजनी वादकाचे वादन केस पिकेपर्यंत चालते आणि रॉक वादकाचे बहुधा नोकरी-संसार लागताच संपते, हा भेद विचार करण्याजोगा आहे; कारण त्याचे मूळ वादकांच्या निष्ठेत नसून त्यांना मिळालेल्या, किंवा न मिळालेल्या, जागेत आहे.

रॉक बँड म्हणजे सामान्यतः चार-पाच जणांचा मेळ: एक गायक, एक किंवा दोन गिटारवादक, एक बेसवादक आणि एक ड्रमवादक. विद्युत गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे वेढे असतात. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरने कित्येक पट वाढवून कर्ण्यातून बाहेर सोडला जातो. अ‍ॅम्प्लिफायरवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला, तर ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन स्वर खरखरीत आणि दाट होतो. रेडिओच्या तंत्रज्ञाला जो दोष वाटला असता, तोच या संगीताने अलंकार म्हणून धारण केला. बेस गिटारच्या चार तारा साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात, आणि श्रोत्याचे लक्ष गायकाकडे असले तरी गाण्याचा सगळा भार बेस आणि ड्रम या जोडीवर असतो. ड्रमवादकाच्या पायाखालचा मोठा ढोल आणि बेसचा स्वर नेमक्या एका क्षणी पडू लागले, म्हणजे बँड ‘घट्ट वाजतो’ असे या क्षेत्रातली मंडळी म्हणतात. आणि हा घट्टपणा एकट्याने घरी कितीही रियाज केला तरी येत नाही, तो सर्वांनी एका खोलीत, पुनःपुन्हा, एकमेकांकडे कान देऊन बसल्यानेच येतो.

परंतु ती खोलीच आपल्याकडे दुर्मीळ. तरीही १९६० च्या दशकात इंग्लंडच्या बीटल्सची हवा मुंबईच्या महाविद्यालयांत शिरली आणि सॅव्हेजेस, जेट्स यांसारखे बँड उभे राहिले. सिमला या सिगारेटच्या नावाने देशभरच्या बँडांची स्पर्धा भरू लागली आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, ज्या आज जगभरचे संग्राहक शोधीत असतात. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी गिटार म्हणजे नात्यागोत्यातल्या कुणा प्रवाशाच्या कृपेची वस्तू होती. बाकीच्यांनी कोलकात्यात घडविलेल्या गिव्हसन गिटारवर बोटे झिजवून घेतली. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या रॉक मशीन या बँडने, ज्यात महेश तिनईकर हे गिटारवादक आणि उदय बेनेगल हे गायक होते, १९८८ साली स्वतःच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली आणि पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले. दुसऱ्यांच्या गाण्यांची नक्कल करण्यावर न थांबता स्वतःचे गाणे रचता येते, हा धीर असंख्य हौशी मुलांना या मंडळींनी दिला.

हा धीर घेऊन उतरलेल्या सामान्य वादकाची वर्षे कशी जात, हे पाहण्यासारखे आहे. आठवडाभर महाविद्यालय किंवा कचेरी करायची, रविवारी कुणाच्या तरी घरातली मागची खोली मिळवायची, खिडक्यांना गाद्या लावून आवाज कोंडायचा, आणि तरीही शेजाऱ्यांची तक्रार आली की सारा सरंजाम टॅक्सीत घालून दुसरे ठिकाण शोधायचे. मिळालेल्या दोन तासांपैकी अर्धा तास तारा जोडण्यात आणि माइक कर्ण्यासमोर आल्याने उठणारी कर्कश शीळ बंद करण्यात घालवायचा. आणि एवढे करून चार महिन्यांनी महाविद्यालयाच्या संमेलनात वीस मिनिटे वाजवायची. एकाची बदली झाली, दुसऱ्याचे लग्न ठरले, की चौघांचा मेळ मोडतो, आणि नव्या माणसाला बसवायला पुन्हा तीच खोली शोधण्यापासून प्रारंभ करावा लागतो.

मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या वादकांचे तीर्थक्षेत्र होते. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि ज्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती अशा बँडांनाही हजारो श्रोत्यांसमोर उभे राहता आले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद झाली, आणि शेजारी रुग्णालय व महाविद्यालय असलेल्या रंगभवनातील असे कार्यक्रम थांबले. रुग्णाच्या निद्रेचा हक्क निःसंशय मोठा आहे आणि तो कायदा योग्यच होता. परंतु एक जागा बंद करताना तिच्या बदल्यात दुसरी उभारण्याची काळजी तितक्याच तत्परतेने घेतली गेली नाही, हे दुःख आहे. २०१० पासून पुण्यात भरू लागलेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारख्या महोत्सवांनी भव्य रंगमंच दिले खरे, पण ते मुख्यतः व्यावसायिकांसाठी. हौशी वादकाची वर्षभराची अडचण त्यांनी सुटत नाही.

आता भजनी मंडळाची व्यवस्था पाहा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, बैठकीपूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात, आणि तो कमी-अधिक करून खर्ज मनासारखा लावतात. बैठक संपली की कणीक खरवडून काढतात. हे काम नवशिक्या पोराकडे असते, आणि कणीक लावता लावताच त्याचा कान तयार होतो. पखवाज, पेटी, टाळ ही कोणा एकाची मालमत्ता नसते, मंडळाची असते. म्हणून गरिबाचा मुलगाही त्या वाद्यांपाशी बसू शकतो. सभामंडप देवाचा, म्हणून त्याचे भाडे नाही. एकादशी पंचांगात ठरलेली, म्हणून वार विचारावा लागत नाही. हरिनाम सप्ताहात तर वीणा सात अहोरात्र जमिनीला टेकू द्यायची नाही असा दंडक आहे: पहाऱ्याची मुदत संपली की उभा राहिलेला माणूस ती पुढच्याच्या गळ्यात घालतो, आणि माणसे बदलली तरी नाद अखंड राहतो. एक माणूस गावाबाहेर गेल्याने मंडळ मोडत नाही, ते याच रचनेमुळे. मराठी हौशी रंगभूमीनेही हेच सिद्ध केले आहे. १९५० च्या दशकात राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, दरवर्षीचा ठरलेला रंगमंच मिळाला, आणि तालुक्यातालुक्यांतून नाट्यसंस्था उभ्या राहिल्या.

मुधोळ परिसरातील आजची मुले नांदेडला आणि हैदराबादला शिकतात. जवळच सरस्वतीचे क्षेत्र असलेल्या बासरला २००८ पासून मोठे तंत्रविद्यापीठ आहे. या मुलांच्या खांद्यावर कधी गिटार दिसली, तर वडीलधाऱ्यांनी ते परके खूळ समजून नाक मुरडू नये. त्यांना थोर वादक होण्याची अट घालू नये, आणि त्यातून मिळकत किती, हा प्रश्नही विचारू नये. भजनाला बसणाऱ्या आजोबांना तो आपण कधी विचारला नाही. ग्रामपंचायतीने, वाचनालयाने किंवा शाळेने आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, रात्री दहाच्या आत, एक बंद खोली या मुलांना द्यावी. एक ड्रमसंच आणि एक अ‍ॅम्प्लिफायर गावाच्या मालकीचे घ्यावे, त्यांची नोंद वहीत ठेवावी, आणि वर्षातून एकदा गणेशोत्सवाच्या मांडवात त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवावा. याला मोठा निधी लागत नाही आणि सरकारी मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही. भजनी मंडळासाठी जे आपल्या पूर्वजांनी केले, तेच आपण नातवंडांसाठी करावयाचे आहे, आणि ते याच वर्षी करावे.