यंत्रांची बोली

मढच्या कोळी बांधवाच्या बोटीवरचा व्हीएचएफ बिनतारी संच कोणत्याही कंपनीचा असो, संकटाची हाक सोळाव्या चॅनेलवरच द्यायची. हा संकेत जगभर एकच, म्हणून परक्या जहाजालाही ती हाक ऐकू येते.

कारखान्यातही असेच संकेत लागतात. लेथ चालविणारा संगणक मोटारीच्या वेगनियंत्रकाला विचारतो, “तुझा वेग किती?” हे विचारायचे कसे, उत्तर द्यायचे कसे, याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने काढलेल्या मॉडबसचे नियम सर्वांना खुले आहेत. तारेवरच्या मॉडबसमध्ये प्रत्येक यंत्राला १ ते २४७ पैकी एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक पुकारला, त्यानेच बोलायचे. अगदी वर्गातली हजेरीच म्हणा ना!

लिनक्ससीएनसी ही यंत्रे चालविणारी आज्ञावली फुकट मिळते, तिची घडण कोणालाही पाहता-बदलता येते आणि तिला मॉडबसही समजतो. मग वेगनियंत्रक बिघडला, तर हीच बोली बोलणारा दुसऱ्या कंपनीचा बसवावा. थोडी जुळवाजुळव केली की लेथ पुन्हा चालू! नियम गुप्त असले, तर मात्र एकाच दारी हात जोडून उभे राहावे लागते.

म्हणून गुरुजनहो, शाळेच्या कार्यशाळेसाठी यंत्र घेताना किंमत विचाराल, तसे हेही विचारा : याची बोली कोणती, आणि ती खुली आहे का?