प्रसूती कक्षातील सुधारणेचे नेतृत्व परिचारिकांकडे

नवी दिल्ली : नवजात बाळाला जन्मताच आईच्या छातीशी ठेवावे, हे परिचारिकांना ठाऊक असते, तरीही अनेक रुग्णालयांत बाळ आधी वजनकाट्यावर जाते आणि त्याचे अंग गार पडते. ज्ञान आणि व्यवहार यांतील ही दरी बुजवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण-पूर्व आशिया कार्यालय आणि नवी दिल्लीतील एम्स यांनी ‘पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट’ हे प्रशिक्षण विकसित केले आहे.

त्याचे टप्पे ४ : समस्या निवडून गट बांधणे, कारणे शोधून मोजमाप ठरवणे, बदलाची चाचणी घेणे आणि बदल टिकवणे. यांतील तिसरा टप्पा कळीचा. उदाहरणार्थ, वजन पहिल्या स्तनपानानंतर करून पाहायचे, तेही आधी एकाच पाळीत, मोजक्या बाळांपुरते. तापमानाच्या नोंदी सुधारल्या तर बदल स्वीकारायचा, अन्यथा दुरुस्त करायचा किंवा सोडून द्यायचा. त्यासाठी महागडी यंत्रे सहसा लागत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१७ मधील ‘लक्ष्य’ उपक्रमातही प्रसूती कक्षांसाठी अशीच सुधारणा-चक्रे आहेत. खरी कसोटी चौथ्या टप्प्यात लागते. प्रशिक्षित परिचारिकेची दुसऱ्या विभागात बदली झाली, की जुनी सवय परतण्याचा धोका असतो. त्यामुळे नवा क्रम कक्षाच्या लेखी कार्यपद्धतीत नोंदवून नवागत परिचारिकांना तो शिकवावा लागतो.