पहिली बाजू चढी का?

या आठवड्यात जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. सांगलीच्या एका वाचकांनी ‘काइंड ऑफ ब्लू’बद्दल असा प्रश्न विचारलाय की तो टाकून पुढे जाववत नाही.

मागचा लेख वाचून ते पेटी घेऊन बसले. ‘सो व्हॉट’चा सा पांढरी दोन, असं मी लिहिलं होतं. त्यांच्या जुन्या एलपीवर तो पांढरी दोनला लागेना आणि काळी दोनलाही लागेना. नातवाच्या मोबाइलवर तीच रचना लावली, तर पेटीशी चोख जुळली. प्लेअर बिघडलाय का, असं ते विचारतात.

तबकडी उलटा आणि दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’ लावा. ते पांढरी पाचवर नीट बसलं, तर प्लेअर ठणठणीत आहे. दोष 1959 सालचा आहे. माइल्स डेव्हिसने ही तबकडी न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या कोलंबियाच्या स्टुडिओत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित केली. पहिली बाजू 2 मार्चला, दुसरी 22 एप्रिलला. मार्चच्या त्या दिवशी मुख्य टेपमशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो आणि लयही वाढते. सुदैवाने शेजारी दुसरं मशीन बरोबर वेगाने चालू होतं. त्याच्या टेपवरून 1990च्या दशकात दुरुस्त आवृत्ती निघाली. तोवर तीन दशकं जगाने पहिली बाजू चढीच ऐकली. तबकडीबरोबर वाजवायला बसणाऱ्यांना आपलं वाद्य चढवून घ्यावं लागे. आपली पेटी बिचारी चढवता येत नाही.

गाणं ऐकत वाढलेल्या कानाचं यात फारसं अडत नाही. सा ज्याचा त्याचा. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी पाच, राग तोच. चढी प्रत मीही वर्षानुवर्षं तितक्याच प्रेमाने ऐकली. पण याच ‘सो व्हॉट’मध्ये अर्ध्या सुराची एक सरक आहे, आणि तिने माझं ऐकणंच बदललं.

ती पकडायची युक्ती सांगतो. पॉल चेम्बर्सचा बास मुखडा वाजवून होतो, माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो आणि जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो. तो घुमत राहतो, फारच मोठा वाटतो, आणि नेमका तिथे हवाच असतो. ती सम धरा आणि मनात तीनताल मोजा. चार आवर्तनं पांढरी दोनच्या साने काफीचे स्वर. पाचव्या समेला सगळे एकदम काळी दोनला सरकतात, स्वर काफीचेच. दोन आवर्तनं तिथे, मग खाली परत आणखी दोन. अशी आठ आवर्तनं झाली की पुन्हा पहिल्यापासून.

ही मूर्च्छना नव्हे. मूर्च्छनेत स्वर तेच राहतात आणि सा हलतो. इथे सा आपलं सगळं सप्तक घेऊन वर जातो. तानपुरा पाठीशी असताना ही कल्पना आपल्या मनात येणारच नाही. मी तर सा म्हणजे मैफलीची जमीन, ती हलायचीच नाही, असं धरून चाललो होतो. इथे तिच्या हलण्यावरच रचना उभी आहे. बाकी काही बदलत नाही, म्हणून ती अर्धा सूर वरची जागा एवढी उजळ वाटते. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड अनेकदा दोन-चार मात्रांत बदलत. त्या गर्दीत ही सरक कुणाच्या लक्षातही आली नसती.

तेव्हा प्लेअर दुरुस्तीला टाकू नका. माइल्सची दोन फेऱ्यांची, म्हणजे सोळा आवर्तनांची, बढत संपली की लगेच टेनर सॅक्सोफोन सुरू होतो. तो कोल्ट्रेन. त्याच्याही दोन फेऱ्या तीनताल मोजत ऐकून ठेवा आणि काळी दोनवर गेल्यावर तो किती स्वर कोंबतो ते बघा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.